इंग्रजी येईपर्यंत थांबायचे नाही : ओस्तोस महाविद्यालयाची वाटचाल

न्यू यॉर्क शहराच्या साउथ ब्रॉंक्स भागात ग्रँड कॉन्कोर्स हा रुंद रस्ता आणि ईस्ट १४९ स्ट्रीट जिथे एकमेकांना छेदतात, तिथे यूहेनियो मारिया दे ओस्तोस कम्युनिटी कॉलेज आहे. शहराच्या उच्च शिक्षण मंडळाने एप्रिल १९६८ मध्ये त्याला मंजुरी दिली आणि सप्टेंबर १९७० मध्ये ६२३ विद्यार्थ्यांची पहिली तुकडी दाखल झाली. वर्ग भरायला जागा मिळाली ती टायरच्या एका जुन्या कारखान्याची. दोन वर्षांची असोसिएट पदवी देणारी सरकारी महाविद्यालये अमेरिकेत शेकड्यांनी आहेत. स्मरणिकेच्या रिवाजाप्रमाणे अध्यक्षांची नावे, नव्या इमारती आणि वाढती पटसंख्या एवढेच नोंदवले, तर ओस्तोसचा इतिहास त्यांच्याहून फारसा वेगळा दिसणार नाही. त्याचे वेगळेपण एका निर्णयात आहे. ज्याला स्पॅनिश येते पण इंग्रजी येत नाही अशा प्रौढ माणसाने इंग्रजी येईपर्यंत पदवीचा अभ्यास खोळंबून ठेवायचा नाही. जीवशास्त्र, गणित, समाजशास्त्र स्पॅनिशमधून सुरू करायचे, जोडीला इंग्रजी शिकायचे आणि ते जसजसे पक्के होईल तसतसे इंग्रजी वर्गांकडे सरकायचे. हा निर्णय चळवळीतून आला म्हणून तो निव्वळ राजकीय होता, असे पुष्कळांनी मानले. मला ते पटत नाही. शिक्षणाच्या कसोटीवरही तो बरोबर होता. पुढे संस्थेवर जी नामुष्की ओढवली तिचे कारण वेगळे आहे : इंग्रजी पुरेसे आले हे कोणी, केव्हा आणि कशाने ठरवायचे, हा दुसरा निर्णय वेळेवर कोणी घेतलाच नाही.

पहिल्या निर्णयाची मुळे पोर्तो रिको बेटात आहेत. १८९८ मध्ये हे बेट स्पेनकडून अमेरिकेच्या ताब्यात आले आणि १९१७ मध्ये तिथल्या रहिवाशांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले. बेटावरच्या शाळांत कोणत्या इयत्तेपासून इंग्रजी माध्यम असावे, याविषयीचे धोरण या काळात अनेकदा फिरले. कधी सगळ्या इयत्ता इंग्रजीत, कधी फक्त वरच्या. इंग्रजीचा आग्रह मात्र सुटला नाही. १९४९ मध्ये शिक्षण आयुक्त मारियानो व्हिलारोंगा यांनी स्पॅनिश हेच शाळेचे माध्यम ठरवले, तेव्हा कुठे तो खटाटोप थांबला. पन्नास वर्षांच्या आग्रहानंतरही बेट स्पॅनिशच बोलत राहिले. मधल्या पिढ्यांना मात्र ज्या भाषेत विचार करायची सवय नाही त्या भाषेत अंकगणित शिकावे लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर याच बेटावरून कामाच्या शोधात माणसे मोठ्या संख्येने न्यू यॉर्कला आली. १९७० च्या जनगणनेत शहरातल्या पोर्तो रिकन लोकांची संख्या आठ लाखांवर गेली होती. ही माणसे नागरिक होती, त्यांना व्हिसा लागत नव्हता, त्यांच्यातले तरुण अमेरिकेच्या सैन्यात लढले होते; पण न्यू यॉर्क राज्यात मत देण्यासाठी इंग्रजी वाचता-लिहिता येण्याची अट होती. १९६५ च्या मतदान हक्क कायद्यात एक कलम या लोकांसाठीच घातले गेले : अमेरिकेच्या ध्वजाखालील शाळेत, इंग्रजीखेरीज दुसऱ्या माध्यमातून का होईना, सहावीपर्यंत शिकलेल्या नागरिकाला इंग्रजीच्या कारणावरून मत नाकारता येणार नाही. १९६६ मध्ये कॅट्झनबाख विरुद्ध मॉर्गन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते कलम वैध ठरवले. स्पॅनिशमधून शिकलेला माणूस शिकलेलाच असतो, ही साधी गोष्ट कायद्याने मान्य करायला १९६६ साल उजाडले. महाविद्यालयाची मागणी मान्य झाली ती त्यानंतर दोनच वर्षांनी. मतपेटीपाशी जे तत्त्व लागू झाले तेच वर्गाच्या दाराशी लागू करावे, एवढेच लोक मागत होते.

ज्यांचे नाव संस्थेला दिले त्या ओस्तोस यांचा जन्म १८३९ चा, पोर्तो रिकोतल्या मायाग्वेसजवळचा. गुलामगिरीचे कट्टर विरोधक, कॅरिबियन बेटांनी स्वतंत्र होऊन संघराज्य करावे असे मानणारे, आणि मुख्यतः शिक्षक. चिलीत असताना १८७३ च्या सुमारास स्त्रियांना विज्ञानाचे शिक्षण मिळालेच पाहिजे अशी व्याख्याने त्यांनी दिली. १८८० मध्ये सांतो दोमिंगो येथे त्यांनी अध्यापक विद्यालय काढले. १९०३ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर पोर्तो रिकन माणसाचे नाव मिळालेली ही पहिलीच उच्च शिक्षण संस्था, हा मान मोठा खरा. पण नावाच्या अभिमानावर महाविद्यालय चालत नाही, आणि ओस्तोस चालले तेही नावावर नव्हे.

ते चालले त्या भागाच्या गरजेवर. १९६१ मध्ये अँटोनिया पांतोहा यांनी स्थापन केलेली ‘अस्पिरा’ ही संस्था पोर्तो रिकन मुलांना महाविद्यालयापर्यंत नेण्यासाठी झटत होती. जानेवारी १९६८ मध्ये द्विभाषिक शिक्षणाचा केंद्रीय कायदा झाला. तो शाळांसाठी होता, पण त्याने हवा तयार केली. १९६९ मध्ये काळ्या आणि पोर्तो रिकन विद्यार्थ्यांनी सिटी कॉलेजचा परिसर ताब्यात घेतला आणि १९७० मध्ये, ओस्तोस जिचा भाग आहे त्या सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यू यॉर्कने शहरातल्या प्रत्येक हायस्कूल उत्तीर्णासाठी प्रवेश खुला केला. त्याच वर्षी जुलैमध्ये यंग लॉर्ड्स या संघटनेच्या तरुणांनी साउथ ब्रॉंक्समधल्या लिंकन हॉस्पिटलचा ताबा घेऊन तिथल्या दुरवस्थेकडे सगळ्या शहराचे लक्ष ओढले. रुग्ण स्पॅनिश बोलणारे आणि डॉक्टर-परिचारिका बहुतेक इंग्रजीच बोलणारे, ही त्या रुग्णालयाची रोजची अडचण होती. ओस्तोसने नर्सिंग, क्ष-किरण तंत्रज्ञान, दंत आरोग्य अशा अभ्यासक्रमांवर भर का दिला, याचे उत्तर या पार्श्वभूमीत सापडते. दुभाषी परिचारिका हवी असेल तर तिला दोन्ही भाषा याव्या लागतात. इंग्रजी बोलणाऱ्या मुलीला स्पॅनिश शिकवून ती तयार करता येईल, नाहीतर स्पॅनिश बोलणाऱ्या बाईला इंग्रजी आणि नर्सिंग दोन्ही शिकवून. साउथ ब्रॉंक्समध्ये दुसऱ्या प्रकारच्या बायका गल्लोगल्ली होत्या.

आता ही पद्धत प्रत्यक्षात कशी चाले ते पाहू, कारण तिच्याविषयीचे बरेच आक्षेप ती न पाहता घेतलेले आहेत. स्पॅनिशभाषक विद्यार्थी आला की त्याची दोन्ही भाषांतली तयारी तपासली जाई. इंग्रजीच्या पातळीनुसार त्याला परभाषा म्हणून इंग्रजी शिकवणाऱ्या वर्गात घालत आणि त्याच सत्रात एक-दोन विषय स्पॅनिशमधून देत. शिवाय स्पॅनिश लेखनाचे वेगळे अभ्यासक्रम असत, तेही मातृभाषा स्पॅनिश असलेल्यांसाठी. बाहेरच्या माणसाला हे नवल वाटे : ज्यांना स्पॅनिश येतेच त्यांना स्पॅनिश कशाला शिकवायचे? पण यातले कितीतरी जण चौथी-सहावीनंतर कामाला लागलेले, वीस वर्षांनी पुन्हा वहीला हात लावणारे होते. परिच्छेदाची मांडणी, मुद्द्याला पुरावा देणे, वाचलेल्याचा गोषवारा काढणे हे त्यांना कोणत्याच भाषेत नीट शिकवलेले नव्हते. ही कौशल्ये एकदा मातृभाषेत अंगी बाणली की दुसऱ्या भाषेत ती पुन्हा मुळापासून शिकावी लागत नाहीत, हे कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ पासून मांडले. ओस्तोसचे शिक्षक ते त्याआधी जवळजवळ दहा वर्षे अनुभवाने करत होते. पुढच्या सत्रांत स्पॅनिशचे विषय कमी होत, इंग्रजीचे वाढत. शेवटी नर्सिंगसारख्या व्यवसायाची परवाना परीक्षा इंग्रजीतच द्यायची असे, त्यामुळे इंग्रजी टाळून बाहेर पडायचा रस्ता या अभ्यासक्रमांत नव्हताच. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांच्या आई सेलिना यांनी ओस्तोसमध्येच नर्सिंग केले आणि त्या नोंदणीकृत परिचारिका झाल्या. मुलीने हे आत्मचरित्रात लिहिले आहे. पतीच्या निधनानंतर दोन मुलांना वाढवणाऱ्या, आधीच रुग्णालयात सहायक परिचारिकेचे काम करणाऱ्या बाईला ‘दोन वर्षे आधी इंग्रजी पक्के करा, मग या’ असे सांगितले असते तर ती बहुधा आलीच नसती. एका उदाहरणाने सिद्धांत उभा राहत नाही, हे मान्य. पण महाविद्यालय कोणासाठी होते, हे या उदाहरणातून स्वच्छ दिसते.

पहिला आक्षेप इतिहासाचा आधार घेऊन येतो. इटालियन आले, पूर्व युरोपातले यहुदी आले, त्यांच्यासाठी कोणी त्यांच्या भाषेत महाविद्यालय काढले नाही. ते इंग्रजीच्या पाण्यात पडले आणि पोहायला शिकले. यात तथ्य आहे, पण अर्धे. त्या पिढीतले बहुसंख्य प्रौढ महाविद्यालयात गेलेच नाहीत. ते कारखान्यात, शिलाईच्या कामात, बांधकामावर गेले आणि तिथे इंग्रजीवाचून भागत असे. महाविद्यालयात गेली ती त्यांची अमेरिकेत शिकलेली मुले. न्यू यॉर्कमध्ये १९५० च्या सुमारास कारखान्यांत दहा लाखांच्या आसपास नोकऱ्या होत्या; १९८० पर्यंत त्या निम्म्यावर आल्या. म्हणजे पोर्तो रिकन माणूस शहरात आला तोवर ज्या जिन्याने आधीचे वर चढले त्याच्या खालच्या पायऱ्या निघून चालल्या होत्या. इटालियन बापाला पदवीवाचून घर चालवता आले. १९७५ मध्ये ब्रॉंक्समधल्या बापाला ते दिवसेंदिवस अवघड होत गेले. आधीच्यांनी केले म्हणून यांनीही तसेच करावे, असे सांगण्याआधी मधल्या काळात शहराचे अर्थकारण किती बदलले ते पाहावे लागते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : स्पॅनिशची सोय ठेवली की माणूस इंग्रजी शिकायचा कंटाळा करतो. वरवर पाहता हे पटते. पण इथे बोलण्याचे इंग्रजी आणि अभ्यासाचे इंग्रजी यांत फरक करावा लागतो. शाळकरी मुलांवरच्या संशोधनातून कमिन्स यांनी दाखवले की बोलचालीचे इंग्रजी दोनेक वर्षांत येते; पाठ्यपुस्तक समजून त्यावर लिहिण्याइतके इंग्रजी यायला पाच ते सात वर्षे लागतात. दिवसाचे सहा तास शाळेत घालवणाऱ्या मुलाची ही गत, तर आठवड्याला चाळीस तास काम करून संध्याकाळी वर्गाला येणाऱ्या चाळिशीच्या माणसाची काय असेल? इंग्रजी आधी, पदवी नंतर हा क्रम लावला तर दोन वर्षांची पदवी आठ वर्षांची होते. सरकारी आर्थिक मदतीला सत्रांची मर्यादा असते, घरभाड्याला नसते. अशा क्रमात विद्यार्थी इंग्रजी शिकण्याआधीच गळतात आणि मग त्यांना इंग्रजीही येत नाही व पदवीही मिळत नाही. आपल्याकडे मराठी माध्यमातून दहावी करून अकरावीला इंग्रजीतून विज्ञान घेणाऱ्या मुलांचे पहिले सहा महिने कसे जातात हे शिक्षकांना ठाऊक आहे. पण त्या मुलांच्या गाठीशी शाळेतले काही वर्षांचे इंग्रजी असते आणि अंगावर संसार नसतो. कंटाळा हा खरा धोका असता तर ओस्तोसचे इंग्रजीचे वर्ग ओस पडले असते. इंग्रजीचे वर्ग हा तर या महाविद्यालयाचा पहिल्यापासूनचा कणा आहे.

संस्थेच्या जिवावर पहिले संकट आले ते भाषेमुळे नव्हे, पैशामुळे. १९७५ मध्ये न्यू यॉर्क शहर दिवाळखोरीच्या काठावर पोहोचले. १८४७ पासून शहरातले सार्वजनिक उच्च शिक्षण फुकट होते. ती परंपरा १९७६ मध्ये संपली आणि शुल्क सुरू झाले. खर्च कापण्याच्या योजनेत ओस्तोस बंद करून ब्रॉंक्स कम्युनिटी कॉलेजमध्ये विलीन करायचे ठरले. कागदावर हिशेब सोपा होता : एकाच बरोमध्ये, म्हणजे शहराच्या एकाच प्रशासकीय विभागात, दोन कम्युनिटी कॉलेजे कशाला? विद्यार्थी, शिक्षक आणि वस्तीतले लोक यांनी त्याला दिलेले उत्तर तितके सोपे नव्हते, कारण ते दोन वाटांनी दिले गेले. एक गट पत्रे, सह्या, शिष्टमंडळे, आमदारांच्या भेटी या मार्गाने चालला; दुसरा मोर्चे, रस्ता रोखणे आणि इमारतीचा ताबा या मार्गाने. दोघांचे आपसांत पटत नव्हते. तरी दोघांचा दाब एकाच ठिकाणी पडला. १९७६ च्या वसंतात विद्यार्थ्यांनी ग्रँड कॉन्कोर्सवरची ५०० क्रमांकाची इमारत जवळजवळ तीन आठवडे ताब्यात ठेवली आणि शेवटी पोलिसांनी धरपकड केली. एप्रिलमध्ये उच्च शिक्षण मंडळाने विलीनीकरणाचा ठराव केला. मे अखेरीस पैसे संपल्यामुळे सगळी सिटी युनिव्हर्सिटीच सुमारे दोन आठवडे बंद पडली. जूनमध्ये राज्याच्या विधिमंडळाने विद्यापीठाला निधी देणारा कायदा केला, त्यात ओस्तोसचे स्वतंत्र अस्तित्व राखले गेले. तिथेच इतिहास शिकवणारे जेराल्ड मायर यांनी पुढे या लढ्याचा सविस्तर इतिहास लिहिला. या प्रकरणाकडे शौर्यगाथा म्हणून पाहण्याचा मोह संस्थेच्या गौरवग्रंथांना होतो. मला त्यातली वेगळी बाजू महत्त्वाची वाटते. सत्तरच्या दशकात आगी आणि पडझडीमुळे ब्रॉंक्सची लोकसंख्या सुमारे तीन लाखांनी घटली. दुकाने गेली, घरमालक गेले, बँका गेल्या. अशा वेळी वस्तीने एखादी संस्था अडवून धरली ती आठवणींसाठी नाही. तिच्यातून रोजगाराकडे जाणारी वाट दिसत होती म्हणून.

पण जिंकलेल्या लढ्याचा एक तोटाही झाला. ज्या महाविद्यालयाचे अस्तित्वच पणाला लागलेले असते त्याला स्वतःच्या उणिवा मोठ्याने बोलता येत नाहीत. इंग्रजीची बाहेर पडतानाची कसोटी ही अशीच एक न बोललेली उणीव होती. सिटी युनिव्हर्सिटीने १९७८ पासून लेखन मूल्यमापन चाचणी सुरू केली होती : दिलेल्या विषयावर ५० मिनिटांत निबंध, दोन परीक्षक, प्रत्येकाचे सहापैकी गुण आणि दोघांचे मिळून आठ आले तर उत्तीर्ण. परभाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्याला ही चाचणी फार जड जाई. पन्नास मिनिटांत, शब्दकोश न पाहता, शब्दयोगी अव्ययांची एकही गडबड न करता लिहिणे हे भाषाज्ञानाचे एक अंग आहे, सगळे भाषाज्ञान नाही. ओस्तोसने पुढे या चाचणीऐवजी स्वतःची परीक्षा वापरायला सुरुवात केली. यामागची शैक्षणिक कारणे टाकाऊ नव्हती. मात्र ती विद्यापीठाच्या विश्वस्तांसमोर मांडून, दुसरी कसोटी खुलेपणाने मंजूर करून घेणे हे जे करायला हवे होते ते वेळेत झाले नाही. मे १९९७ मध्ये पदवीदान समारंभ काही दिवसांवर आलेला असताना विश्वस्त मंडळाने ठराव केला : विद्यापीठाची चाचणी उत्तीर्ण झाल्याशिवाय पदवी नाही. घाईघाईने चाचणी घेतली गेली आणि तिला बसलेल्यांपैकी बहुसंख्य नापास झाले. वर्तमानपत्रांना आयती बातमी मिळाली : महाविद्यालयातून पदवी घेऊन निघालेल्यांना इंग्रजीत निबंध लिहिता येत नाही. विद्यार्थी न्यायालयात गेले. ब्रॉंक्सच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. १९९८ मध्ये अपिलात तो फिरला आणि अट घालण्याचा विद्यापीठाचा अधिकार मान्य झाला. दरम्यान, १९८६ पासून महाविद्यालयाच्या अध्यक्ष असलेल्या इसाउरा सांतियागो यांनी पद सोडले.

या ठरावासाठी सर्वांत आग्रही असलेले विश्वस्त होते हर्मन बादियो. पोर्तो रिकोत जन्मलेले, लहानपणीच आईवडिलांना पारखे झालेले, अकराव्या वर्षी इंग्रजीचा गंध नसताना न्यू यॉर्कला आलेले आणि सिटी कॉलेजात शिकून पुढे अमेरिकी काँग्रेसचे सदस्य झालेले. ओस्तोसला मंजुरी मिळाली तेव्हा ब्रॉंक्सचे बरो प्रेसिडेंट हेच होते. त्यामुळे त्यांना समाजाचे शत्रू ठरवून मोकळे होणे सोपे असले तरी उपयोगाचे नाही. त्यांचा मुद्दा असा : मला जमले, तर यांनाही जमेल, सवलतीची पदवी देणे म्हणजे या मुलांना कमी लेखणे. यातला दुसरा भाग मला पूर्ण मान्य आहे. न्यू यॉर्कमधल्या रुग्णालयात वा कचेरीत दाखवल्यावर कागदाला किंमत यावी यासाठी पदवी असते. इंग्रजीशिवाय ती किंमत येत नाही आणि विद्यार्थ्यालाच त्याचा फटका बसतो. पण ‘मला जमले’ हा पुरावा नाही. अकरा वर्षांच्या मुलापुढे शाळेची सहा-सात वर्षे असतात, म्हणजे कमिन्स यांनी सांगितली तितकीच. पस्तीस वर्षांच्या बाईपुढे ती नसतात. आणि नियम बरोबर असला तरी समारंभाच्या आठवड्यात तो पुढे करणे चुकीचेच होते. चार-पाच वर्षे शिकून, विषय उत्तीर्ण होऊन, झगा शिवून तयार असलेल्या माणसाला शेवटच्या दारात थांबवले. ज्या महाविद्यालयाने ‘थांबायचे नाही’ म्हणून जन्म घेतला त्याच्या विद्यार्थ्यांना सर्वांत महागडे थांबणे नशिबी आले ते असे. दोष वाटून घ्यायचा तर विश्वस्तांचा आहे आणि संस्थेचाही आहे. द्विभाषिक पद्धतीचा नाही. चाचणी पहिल्या सत्रापासून समोर ठेवली असती, तिसऱ्या सत्रात एकदा आणि पाचव्यात पुन्हा घेतली असती, तर नापास होणाऱ्यांची संख्या वर्तमानपत्रात येण्याऐवजी शिक्षकांच्या खोलीत आली असती आणि तिथे तिचा उपयोग झाला असता.

‘एकाच भाषेसाठी सरकारी पैसा का?’ हा तिसरा आक्षेप काळाने बऱ्याच अंशी निकालात काढला. पोर्तो रिकन लोकांपाठोपाठ डोमिनिकन रिपब्लिकमधून आलेले विद्यार्थी वाढले, मग मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले. आणि अलीकडे पश्चिम आफ्रिकेतून आलेली, फ्रेंच बोलणारी मुलेही साउथ ब्रॉंक्समध्ये आहेत. त्यांच्यासाठी फ्रेंचमधून जीवशास्त्र शिकवणे परवडणारे नाही, पण इंग्रजी वर्ग आणि विषयाचा वर्ग एकमेकांना बांधून घेण्याची जी रीत स्पॅनिश विद्यार्थ्यांसाठी घडली ती त्यांच्याही कामी येते. दुसरीकडे विद्यापीठाने १९९५ मध्ये आठवड्याला २५ तास नुसते इंग्रजी शिकवणारा भाषा-निमज्जन कार्यक्रम काढला. त्यात विद्यार्थी पदवीच्या अभ्यासाला लागण्याआधी सत्रभर किंवा वर्षभर इंग्रजीच शिकतो आणि त्याची आर्थिक मदत त्यात खर्ची पडत नाही. हा ओस्तोसच्या मूळ पद्धतीच्या उलटा क्रम झाला. तो टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. नुकत्याच आलेल्या, नोकरीच्या जबाबदाऱ्या नसलेल्या विशीतल्या मुलाला तो उत्तम. आठवड्याचे २५ तास जो काढू शकत नाही त्याला मात्र जुनीच वाट लागते. दोन्ही वाटा हव्यात; एकीने दुसरीची जागा घेऊ नये.

राहिला प्रश्न निकालांचा. ओस्तोसमधून पदवीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण दीर्घकाळ कमी राहिले आणि टीकाकारांनी ते द्विभाषिकतेच्या माथी मारले. पण इंग्रजीतूनच शिकवणाऱ्या शहरातल्या इतर कम्युनिटी कॉलेजांचेही आकडे अभिमानाने सांगण्यासारखे नव्हते. २००७ मध्ये सिटी युनिव्हर्सिटीने ‘असॅप’ ही योजना आणली : पूर्णवेळ नोंदणी, प्रत्येकाला नेमून दिलेला सल्लागार, पुस्तकांचा आणि भुयारी रेल्वेच्या पासाचा खर्च. ओस्तोसमध्येही ती आली. शहरातल्या दुसऱ्या तीन महाविद्यालयांत एमडीआरसी या संशोधन संस्थेने चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले आणि तीन वर्षांनी मोजले. योजनेतले ४० टक्के विद्यार्थी पदवीधर झाले, बाहेरचे २२ टक्के. भाषा तीच, शिक्षक तेच, अभ्यासक्रम तोच. बदलले ते पैशाचे आणि वेळेचे गणित. गळतीचे मूळ पैसा आणि वेळ यांत किती खोल आहे, हे त्यातून कळते. पुढे २०२२-२३ च्या सुमारास विद्यापीठाने विनाश्रेयांक उपचारात्मक वर्ग मोडीत काढले आणि विद्यार्थ्याला थेट श्रेयांकाच्या वर्गात घालून तिथेच जादा मदत देण्याचे ठरवले. आधी तयारी, मग अभ्यास हा क्रम सगळ्या शहराने सोडला तो असा, ओस्तोसनंतर अर्ध्या शतकाने. 

स्पॅनिशमधून शिकवल्या जाणाऱ्या विषयांचे वर्ग मात्र ओस्तोसमध्ये पूर्वीपेक्षा कमी झाले आहेत. तिथल्या बऱ्याच विद्यार्थ्यांना आता इंग्रजीची सवय लहानपणापासून असते, म्हणून हे काही अंशी साहजिक आहे. पण ब्रॉंक्समध्ये प्रौढ वयात उतरणारी, स्पॅनिशच येणारी माणसे आजही येतात आणि त्यांच्यासाठी तो वर्ग चालू राहायला हवा. ओस्तोसचा कित्ता इतरत्र गिरवू पाहणाऱ्यांनी त्याच्या प्रवेशदाराचा उदारपणा जसाच्या तसा उचलावा. पदवीसाठी किती इंग्रजी लागेल आणि ते कोणत्या परीक्षेने, कोणत्या सत्रात पाहिले जाईल, हे मात्र प्रवेशाच्या दिवशीच विद्यार्थ्याच्या हातात लिहून द्यावे, त्याला समजेल त्या भाषेत.